विकायचं घर आणि कॅमेरा : भिंतीवरच्या दोन डागांची गोष्ट

नेहमीप्रमाणे एपिसोडचं लिखित रूप इथे देतेय. बोलताना शंभर वेळा येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे गाळलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजची सुरुवात माझ्याच घरापासून करते. डोंबिवलीत आमचा वन बीएचके आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा जाऊन आता काही वर्षं झाली आणि आईचे गुडघे जिन्याला वैतागलेत. घर विकायचं ठरलं. एजंट आला, घर फिरून बघितलं आणि म्हणाला, "काकू, उद्या आमचा मुलगा फोटो आणि व्हिडिओ काढायला येईल. तोवर जरा मोकळं करून ठेवा. देव्हारा झाका, भिंतीवरचं कॅलेंडर काढा, शोकेसमधल्या वस्तू आत ठेवा, आणि काकांचा तो हार घातलेला फोटोसुद्धा उतरवा. येणाऱ्याला हे घर आपलं वाटलं पाहिजे."

आई त्याच्यासमोर काही बोलली नाही. तो गेल्यावर मला म्हणाली, "अगं, घर दाखवायचंय की लपवायचंय?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून विकायच्या घराचा फोटो काढायची ही पद्धत आली कुठून, ते शोधत बसले. त्यातून आजचा एपिसोड झाला.

पहिली गोष्ट अशी, की घराचा फोटो बाहेरून काढणं सोपं होतं. आतून काढणं फार अवघड. जुन्या कॅमेऱ्यांना भरपूर उजेड लागायचा आणि घराच्या आत तो नसायचा. १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची भुकटी आणि पोटॅशियम क्लोरेट यांचं मिश्रण तयार केलं. पेटवलं की भक्कन उजेड पडायचा. अंधाऱ्या खोलीचा फोटो एका क्षणात निघू लागला.

आता गंमत बघा. या उजेडाचा घरासाठी पहिला मोठा उपयोग विक्रीसाठी झाला नाही. तो झाला घराची लाज वाटावी म्हणून. न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाचा मूळचा डॅनिश बातमीदार होता. गुन्ह्यांच्या बातम्या करायचा, त्यामुळे रात्री-अपरात्री गरीब वस्त्यांतून फिरायचा. या भुकटीबद्दल त्याने पेपरात वाचलं आणि कॅमेरा घेऊन तो त्या कोंदट चाळवजा इमारतींत शिरू लागला. भुकटी जाळायला तो चक्क तळणीची कढई वापरायचा. या उद्योगात त्याच्या हातून दोनदा घराला आग लागली आणि एकदा स्वतःलाच, असं त्यानेच लिहून ठेवलंय. बेयर्ड स्ट्रीटवरच्या एका खोलीचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. पाच-पाच सेंट देऊन झोपायला आलेली माणसं एकमेकांना खेटून पडलीयेत आणि अचानक पडलेल्या उजेडाने डोळे किलकिले करून बघतायत. १८९० मध्ये त्याचं पुस्तक आलं, गदारोळ झाला. १९०१ साली न्यूयॉर्क राज्याने भाड्याच्या इमारतींसाठी कडक कायदा केला, त्यामागे अशा फोटोंचाही हात होता.

एक लक्षात घ्या. त्या फोटोंत माणसं आहेत. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मध्यरात्री दार उघडलं, भक्कन उजेड झाला, फोटो निघाला.

जवळपास त्याच काळात हे आपल्या मुंबईतही घडलं. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण सापडला. १८९७ मध्ये प्लेग समितीची पथकं घराघरांत शिरू लागली. घरातलं सामान रस्त्यावर, भिंतींवर पाण्याचे पंप, आत ऊन यावं म्हणून छपराची कौलं उतरवलेली. या कामाचे रीतसर फोटो काढले गेले आणि त्यांचे अल्बम आजही संग्रहांत आहेत. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' अशी इंग्रजी अक्षरं रंगवली जायची. त्याचा अर्थ 'माणसांच्या वस्तीला अयोग्य'. पुढे १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि जुन्या वस्त्या पाडून नवे रस्ते काढायला सुरुवात झाली. आपलं घर सरकारच्या कॅमेऱ्यात आलं की धस्स व्हावं, असे ते दिवस होते.

आणि त्याच १८९७ सालच्या जानेवारीत, तिकडे लंडनमध्ये 'कंट्री लाइफ' नावाचं साप्ताहिक निघालं. एडवर्ड हडसन त्याचा संस्थापक. इंग्लंडमधल्या मोठमोठ्या हवेल्यांचे देखणे फोटो हे त्याचं वैशिष्ट्य, आणि त्याच अंकांत विकाऊ इस्टेटींच्या जाहिराती. चार्ल्स लॅथम हा त्यांचा सुरुवातीच्या काळातला नावाजलेला छायाचित्रकार. ते फोटो आज बघितले तर काय दिसतं? उंच खिडकी, तिरका उजेड, चकचकीत लाकडी जमीन, एखादी खुर्ची. आणि खोलीत बहुतेक वेळा एकही माणूस नाही. जिथे मालक, बायको-मुलं, डझनभर नोकरचाकर वावरत होते, ती घरं फोटोत मात्र शांत, रिकामी आणि वाट बघत असलेली.

म्हणजे एकाच वर्षी दोन प्रकारचे फोटो. गरिबाच्या घराचा फोटो माणसांनी भरलेला, कारण गर्दी हाच त्याचा दोष दाखवायचा होता. श्रीमंताच्या घराचा फोटो रिकामा, कारण बघणाऱ्याने स्वतःला तिथे बसवून बघायचं होतं. आमच्या एजंटने आईला जे सांगितलं, "येणाऱ्याला आपलं वाटलं पाहिजे," त्याचं मूळ मला या दुसऱ्या प्रकारात दिसतं.

याच्याही पुढची पायरी १९६० साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला दिसते. तिथे डोंगराच्या कड्यावर स्टाल कुटुंबासाठी पिअर कोनिग या वास्तुरचनाकाराने काचेच्या भिंतींचं घर बांधलं. ज्युलिअस शुलमन या छायाचित्रकाराने ९ मे १९६० रोजी रात्री त्याचा फोटो काढला. काचेच्या खोलीत दोन तरुणी गप्पा मारत बसल्यात आणि पायाखाली अख्खं शहर दिव्यांनी लखलखतंय. तुम्ही कुठे ना कुठे नक्की बघितला असेल. शहराचे दिवे यावेत म्हणून कॅमेऱ्याचं भिंग सुमारे सात मिनिटं उघडं ठेवलं आणि शेवटी आतल्या मुलींसाठी फ्लॅश मारला. त्या दिवशी घराचं काम पुरतं झालेलं नव्हतं. फर्निचर फोटोपुरतं आणलेलं. आणि त्या दोघी घरातल्या कुणीच नव्हत्या, कोनिगकडच्या विद्यार्थ्यांच्या मैत्रिणी होत्या. घरात माणसं परत आली म्हणायची, पण कुणीतरी आणून बसवलेली. आजच्या बिल्डरच्या जाहिरातीत हसणारं चौकोनी कुटुंब असतं ना, आई-बाबा, एक मुलगा, एक मुलगी? त्यांची जातकुळी हीच.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे विकायच्या घराचा फोटो खूप उशिरा आला. मुंबई-पुण्यात आधी बहुतेक सगळे भाडेकरू. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर तर घर मिळवणं म्हणजे पागडी देणं. ओळखीने कळायचं, ओळखीने मिळायचं. मग मालकीच्या फ्लॅटचं युग आलं. त्यात फसवणूक इतकी होऊ लागली की १९६३ मध्ये महाराष्ट्राला मालकी हक्काच्या सदनिकांचा वेगळा कायदा करावा लागला. इमारतीचे नकाशे आणि तपशील ग्राहकाला दाखवणं त्यात बिल्डरवर बंधनकारक केलं. नकाशा होता, फोटो नव्हता. कारण घर बांधूनच व्हायचं होतं!

आणि जुना फ्लॅट विकायचा असेल तर? पेपरातली छोटी जाहिरात. शब्दाला पैसे पडायचे, त्यामुळे भाषा तारेसारखी. 'स्टेशनपासून पाच मिनिटे, चोवीस तास पाणी, पूर्वाभिमुख.' ती पाच मिनिटं कुणाच्या चालीने, हे विचारायचं नाही. पुढचं सगळं एजंटच्या वहीत आणि किल्ल्यांच्या जुडग्यात. तुम्ही जायचात, बेल वाजवायचात, आणि त्या घरातली बाई पदराला हात पुसत दार उघडायची. गॅसवर कुकर, पलंगावर अभ्यास करणारा मुलगा, दोरीवर कपडे. घर घेणारा माणूस दुसऱ्याचा चालू संसार बघून घर घ्यायचा. आमच्या बाबांनी हा फ्लॅट असाच बघितला होता. आई अजून सांगते, की आधीच्या वहिनींनी चहा दिला आणि चहा देता देता सांगून टाकलं, "मोरीचा नळ जरा गळतो हां, आणि पावसाळ्यात मागची भिंत ओल धरते." विक्री करणारी बाई स्वतःच दोष सांगतेय! पण समोरासमोर बसून चहा देताना खोटं बोलणं जड जातं.

चित्र पालटलं ते इंटरनेटमुळे. २००५ साली नाइन्टीनाइन एकर्स, २००६ मध्ये मॅजिकब्रिक्स अशी पोर्टल्स आली. सुरुवातीला फोटो असले तर असे, की अर्ध्या फोटोत एजंटचा अंगठा. २०१२ मध्ये मुंबईत आयआयटीच्या मुलांनी हाउसिंग डॉट कॉम सुरू केलं आणि स्वतःची माणसं घरोघर पाठवून फोटो काढायला सुरुवात केली. फोटोवर पैसे का खर्च करायचे, याचं उत्तर तोवर अमेरिकेतून आलेलं होतं. २००९ मध्ये एअरबीएनबीच्या संस्थापकांच्या लक्षात आलं, की न्यूयॉर्कमधली घरं कुणी बुक करत नाही, कारण फोटो वाईट आहेत. ते चांगला कॅमेरा घेऊन स्वतः घरोघर फिरले. त्यानंतर आठवड्याची कमाई दुप्पट झाली, असं त्यांनी नंतर अनेकदा सांगितलंय. घर तेच, भाडं तेच. बदलला फक्त फोटो.

आणि मग २०२० चा लॉकडाउन. दार उघडून कुणाला आत घेणंच बंद झालं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवायचे, व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघर दाखवायचं. चहा देणारी वहिनी या व्यवहारातून जवळजवळ बाहेर गेली.

तर आमच्या घरी तो मुलगा आला. विशी-बाविशीचा, कामात हुशार. मी त्याच्या मागे मागे फिरले आणि बरंच शिकले. तो खोलीच्या अगदी कोपऱ्यात, दाराला पाठ लावून उभा राहायचा. कॅमेरा डोळ्यांच्या नाही, छातीच्या उंचीवर. म्हणाला, "ताई, वरून धरला तर जमीनच जास्त येते, आणि वाकडा धरला तर भिंती पडल्यासारख्या दिसतात." भिंग रुंद कोनाचं. २४ मिलिमीटरचं भिंग आडवं सुमारे ७४ अंश बघतं, १६ मिलिमीटरचं जवळपास ९७ अंश. म्हणजे कोपऱ्यात उभं राहिलं की दोन्ही बाजूंच्या भिंती पूर्ण येतात. पण त्याची एक किंमत असते. जवळची वस्तू ताणून मोठी होते आणि समोरची भिंत लांब पळते. आमची दहा बाय दहाची बेडरूम कॅमेऱ्याच्या पडद्यावर हॉलएवढी दिसत होती. आई म्हणाली, "एवढी खोली होती तर इतकी वर्षं कपाट कुठे ठेवू म्हणून का भांडलो आम्ही?"

खिडकीचं तंत्रही समजलं. खिडकीबाहेर ऊन आणि आत अंधार असला की एका फोटोत दोन्ही नीट येत नाहीत. म्हणून तो एकाच जागेवरून तीन-चार फोटो काढायचा, काही उजळ, काही गडद, आणि नंतर ते एकत्र करायचा. व्हिडिओसाठी फोन हलू नये म्हणून गिंबलची दांडी, आणि चाल अशी, गुडघे किंचित वाकवून, जणू डोक्यावर हंडा आहे. यात खोटं काही नाही बरं का. डोळ्याला जे दिसतं तेच कॅमेऱ्याला दिसावं, यासाठीची ही कसरत आहे.

अडचण आली ती बेडरूमच्या भिंतीपाशी. त्या भिंतीवर दोन डाग होते. एक खाली, ओलीचा. हीच ती मागची भिंत, जिच्याबद्दल आधीच्या वहिनींनी सांगितलं होतं. दोनदा प्लास्टर केलं तरी पोपडे धरतेच. आणि दुसरा वर, चौकोनी, बाकीच्या भिंतीपेक्षा फिकट. बाबांचा फोटो उतरवला तिथला. मुलाने फोनवर फोटो उघडला, बोट फिरवलं आणि दोन्ही डाग गेले. भिंत एकदम कोरी. ॲपला काय, दोन्ही डाग सारखेच.

मी म्हटलं, छान. खरंच म्हटलं. घर लवकर जायला हवं होतं.

आईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "ओल परत आण. ते लोक राहायला येतील, पहिल्या पावसात त्यांना दिसेलच. तेव्हा ते कुणाचं नाव घेतील?"

आता कायदा काय म्हणतो, तेही मी बघितलं. ब्रिटनमध्ये १९९१ साली कायदाच झाला होता, की एजंटने मालमत्तेचं चुकीचं वर्णन करणं हा गुन्हा, आणि वर्णन म्हणजे नुसते शब्द नाहीत, चित्रही त्यात धरलेलं. २०१३ मध्ये तो रद्द होऊन ग्राहक संरक्षणाच्या सर्वसाधारण नियमांत विरला. आपल्याकडे रेरा आहे. महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ पासून. त्या कायद्याचं कलम १२ सांगतं, की जाहिरात किंवा सॅम्पल फ्लॅट बघून कुणी पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघाल्याने नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. २०२३ च्या ऑगस्टपासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला. पण हे सगळं नव्या प्रकल्पांसाठी. आमच्यासारखा जुना फ्लॅट कुणी कुणाला विकतो, त्याला हे कलम थेट लागत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून एक नियम आलाय, की विक्रीच्या फोटोत संगणकाने वस्तू घातल्या किंवा काढल्या असतील, तर तसं सांगायचं आणि मूळ फोटोही बघायला द्यायचा. उजेड-रंग सुधारला तर हरकत नाही. म्हणजे नेमकी तीच रेघ, जी आईने चष्मा लावून ओढली.

ओलीचा निकाल लागला. पण वरचा फिकट चौकोन? त्याने कुणाचं नुकसान होणार होतं? तो पुसायला काहीच हरकत नव्हती.

इथे मला मघाशी मुद्दाम न सांगितलेली एक गोष्ट सांगायचीय. १९३९ ते १९४१ या काळात न्यूयॉर्क शहराने आपल्या पाचही विभागांतल्या इमारतींचे फोटो काढले, सात लाखांहून जास्त. हेतू अगदी रुक्ष, मालमत्ता कराची आकारणी. मंदीच्या काळात लोकांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतली माणसं यात होती. इमारतीसमोर तिचा गट क्रमांक आणि भूखंड क्रमांक लिहिलेली पाटी ठेवायची आणि फोटो काढायचा. सौंदर्य नाही, मांडणी नाही, कुणाला हटवणं नाही. त्यामुळे त्या फोटोंत सगळं राहून गेलं. पायरीवर बसलेली म्हातारी, खिडकीतून डोकावणारं पोर, दुकानाची पाटी, दोरीवरचे कपडे. २०१८ पासून ते फोटो कुणालाही घरबसल्या बघता येतात. लोक पत्ता टाकून आपल्या आजी-आजोबांचं घर शोधतात. कर किती होता, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.

मला त्यातून एवढंच कळलं. घराचा फोटो ज्या कामासाठी काढला जातो, ते काम काही वर्षांत संपतं. कर भरून होतो, घर विकून होतं. मागे उरतं ते पुसायचं राहून गेलेलं. आपण इतकं नीट पुसायला शिकलोय, की आपल्या घरांच्या फोटोंत मागे काही राहणारच नाही.

मी त्या मुलाला म्हटलं, जाहिरातीत वरचा चौकोन काढ, खालची ओल ठेव. त्याने तसं केलं. एजंट कुरकुरला, "काकू, ओलीमुळे भाव पडेल." पडलाच. एका जोडप्याने येऊन भिंतीला हात लावून बघितला, घासाघीस केली आणि आम्हाला मनात धरलेल्या रकमेपेक्षा कमीत सौदा करावा लागला. ते पैसे मला लागले, खोटं कशाला बोलू. आईला मात्र नाही लागले. तिने त्या मुलीला चहा दिला आणि मोरीच्या नळाचं बोलणं सुरू केलं.

मुलगा फोटो काढून गेला, त्या संध्याकाळी आम्ही सगळं परत जागेवर लावलं. कॅलेंडर, शोकेसमधल्या वस्तू, देव्हारा, बाबांचा फोटो. आणि मी माझा फोन हातात धरून, हलत-डुलत, कोपऱ्यात न शिरता एक व्हिडिओ काढला. आई भाजी निवडतेय, कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्या टीव्हीचा आवाज, माझा अंगठासुद्धा आलाय मध्ये. साडेसहा मिनिटांचा आहे.

तुमचं घर विकायला काढणार असाल, किंवा पुनर्विकासाला जाणार असेल, तर आवराआवर सुरू करायच्या आधी एवढं करा. फोटोवाला येण्याआधीच्या दिवशी. नंतर म्हणाल तर ते घर तसं नसतं.

आज इतकंच. तुमच्या घराचा असा एखादा जुना, न आवरलेला फोटो असेल तर त्याबद्दल कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. नमस्कार.